बॅरोमीटरचा आकडा वाचायचा कसा? नवशिक्यांसाठी पायऱ्या

पुण्यात एखाद्या सकाळी फोनमधलं बॅरोमीटर ९४५ दाखवतं, हवामान खात्याच्या नकाशावर १००८ असतं आणि विमानतळाच्या अहवालात १०११. गोंधळलेला माणूस यंत्र बिघडलं असं धरून चालतो. प्रत्यक्षात तिन्ही आकडे बरोबर असू शकतात, कारण तिघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. बॅरोमीटरचा सुटा आकडा काहीच सांगत नाही. तो कुठल्या उंचीवरचा, कुठल्या वेळेचा आणि कालच्या याच वेळेपेक्षा किती कमी-जास्त, एवढं कळलं की मग तो बोलायला लागतो.

आधी जवळ काय हवं

- दाब मोजणारं काहीही एक: बॅरोमीटर असलेला फोन, भिंतीवरचा काट्याचा बॅरोमीटर किंवा छोटा इलेक्ट्रॉनिक सेन्सर
- घराची समुद्रसपाटीपासूनची उंची, पाच-दहा मीटरच्या फरकाने बरोबर
- साधा तापमापक
- जवळच्या विमानतळाचा ताजा हवामान अहवाल. याला ‘मेटार’ म्हणतात, तो इंटरनेटवर फुकट मिळतो आणि मोठ्या विमानतळांवर दर अर्ध्या तासाने निघतो
- एक वही. अ‍ॅपमध्ये आलेख निघतो हे खरं, पण वारा आणि ढग काय करत होते हे त्यात कोणी लिहीत नाही

१. एकक ओळखा

हवेचा दाब म्हणजे डोक्यावर वातावरणाच्या वरच्या टोकापर्यंत जेवढी हवा आहे तिचं वजन. समुद्रसपाटीला एका चौरस मीटरवर हे वजन दहा टनांहून थोडं जास्त भरतं. आपण चिरडत नाही, कारण तेवढाच दाब आतूनही असतो.

शाळेच्या भूगोलात ‘मिलिबार’ शिकवतात, हवामान खातं ‘हेक्टापास्कल’ लिहितं. दोन्ही तंतोतंत एकच: १ मिलिबार = १ हेक्टापास्कल. ‘हेक्टा’ म्हणजे शंभर, म्हणजे शंभर पास्कल. शेतीच्या बातम्यांत कधी कधी ‘हेप्टापास्कल’ छापलेलं दिसतं. ती चूक आहे, पण आकडा तोच समजायचा.

जुन्या यंत्रांवर आणखी दोन एककं भेटतात. पाऱ्याचे मिलिमीटर असतील तर १.३३३ ने गुणा, पाऱ्याचे इंच असतील तर ३३.८६ ने. प्रमाण दाब म्हणून जो धरतात तो १०१३.२५ हेक्टापास्कल, म्हणजेच ७६० मिलिमीटर, म्हणजेच २९.९२ इंच.

७६० मिलिमीटर पाऱ्याऐवजी पाणी वापरलं तर स्तंभ सुमारे १०.३ मीटर उंच होतो. विहिरीच्या काठावर मोटर ठेवून खोलचं पाणी का ओढता येत नाही, याचं उत्तर इथे आहे. पंप पाणी खेचत नाही, तो फक्त पाइपातली हवा काढतो, आणि पाणी वर ढकलायचं काम बाहेरची हवा करते. तिची ताकदच दहा मीटरची, त्यातून गळती आणि घर्षण वजा केलं की हाती सात-आठ मीटर उरतात. म्हणून मोटर विहिरीत खाली उतरवून बसवतात. महाबळेश्वरला तर तो मूळचा दहाचा आकडाही पावणेनऊवर येतो.

२. तीन दाबांतला फरक समजून घ्या

सगळा घोळ इथेच होतो, तेव्हा ही पायरी सावकाश वाचा.

*स्थानिक दाब:* यंत्र जिथे आहे तिथला खरा दाब. फोनचा सेन्सर हाच मोजतो. वर जाल तसा तो उतरतो: मुंबईच्या पातळीला साधारण दर साडेआठ मीटरला १ हेक्टापास्कल, पुण्याच्या उंचीवर दर नऊ मीटरला १, महाबळेश्वरला जवळपास दहा मीटरला १. कर्जतहून लोणावळ्याला गाडी घाट चढते तेव्हा दाब ६० च्या आसपास उतरतो. कानाला दडे बसतात, चिप्सचं पाकीट फुगतं.

*समुद्रसपाटीला आणलेला दाब:* नागपूर आणि रत्नागिरी यांची तुलना करायची तर उंचीचा परिणाम काढून टाकावा लागतो. ‘ही जागा समुद्रसपाटीला असती तर दाब किती असता’ याचं हे गणित. नकाशावरच्या समदाब रेषा याच आकड्यांवरून काढतात. बातमीतला १००४, १००८ हाच.

*विमानतळाचा दाब:* हाही समुद्रसपाटीला आणलेलाच असतो, पण त्यात हवेचं तापमान खरं न घेता प्रमाण वातावरणाचं धरतात, म्हणजे समुद्रसपाटीला १५ अंश. वैमानिकाचा उंचीमापक त्याच हिशेबावर चालतो म्हणून. वैमानिकांच्या भाषेत हा ‘क्यूएनएच’. मुंबई किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर या दोन हिशेबांत फरक पडत नाही. पुण्यात, उकाड्याच्या दिवसांत, विमानतळाचा आकडा नकाशापेक्षा सुमारे ३ ने जास्त येतो.

३. घराची उंची नक्की करा

दर नऊ मीटरच्या चुकीला एक हेक्टापास्कल जातो, तेव्हा अंदाजपंचे चालणार नाही.

फोनच्या जीपीएसवर विसंबू नका. जीपीएस मुळात पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून उंची मोजतं, समुद्रसपाटीपासून नाही. आपल्या भागात या दोहोंत साठ मीटरहून जास्त अंतर आहे. काही अ‍ॅप ही दुरुस्ती करतात, काही करत नाहीत. चौपाटीवर उभं राहून उंची उणे साठ-पासष्ट दिसली तर तुमचं अ‍ॅप दुसऱ्या जातीचं. दाबात थेट सातची चूक.

सोपा आणि भरवशाचा मार्ग म्हणजे रेल्वे स्टेशन. फलाटाच्या टोकाला पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. तिथे फोनवरचा दाब टिपा, पटकन घरी या, पुन्हा टिपा. जितके हेक्टापास्कल कमी झाले त्याला ९ ने गुणलं (किनाऱ्यावर साडेआठने) की तेवढे मीटर तुमचं घर स्टेशनाच्या वर. तासाभरात दाब स्वतःच बदलतो, म्हणून हे काम अर्ध्या तासात उरका. मजल्याचे तीन मीटर वेगळे मिळवायची गरज नाही, ते यात आलेच.

४. यंत्र निवडा

*फोन:* सगळ्या फोनमध्ये बॅरोमीटर नसतो, स्वस्त फोनमध्ये तर क्वचितच. सेन्सरची यादी दाखवणारं अ‍ॅप टाकून पाहा. बॅरोमीटर आहे की नाही याची परीक्षा लिफ्टमध्ये होते: दहा मजले वर जाताना आकडा साडेतीनच्या आसपास उतरला पाहिजे. जागचा हलला नाही तर ते अ‍ॅप इंटरनेटवरून दुसऱ्याच ठिकाणचा दाब आणून दाखवतंय.

*सेन्सर:* बॉशचा बीएमपी२८० हा छंदिष्टांचा नेहमीचा. ३०० ते ११०० हेक्टापास्कलपर्यंत मोजतो. खऱ्या आकड्यात एखाद्या हेक्टापास्कलची चूक असू शकते, पण बदल मात्र तो दशांशापर्यंत नीट पकडतो, आणि आपल्याला बदलच हवा आहे. त्याला ३.३ व्होल्ट लागतात. सुट्या चिपला थेट ५ व्होल्ट दिलेत तर नवा आणावा लागेल. त्याचा महागडा भाऊ बीएमई२८० आर्द्रताही मोजतो, आणि बाजारात बीएमई२८० म्हणून बीएमपी२८० गळ्यात मारतात. आर्द्रतेचा आकडा येत नसेल तर तुम्हाला स्वस्तातलाच मिळालाय.

*काट्याचा बॅरोमीटर:* यालाच पाठ्यपुस्तकात निर्द्रव वायुदाबमापक म्हणतात. आत हवा काढलेली पातळ, वळ्या पाडलेल्या पत्र्याची डबी असते. दाब वाढला की ती दबते, तरफा काटा फिरवतात. दिसायला देखणा, बॅटरी लागत नाही. पण घेण्याआधी दोन गोष्टी बघा.

पहिली, तबकडीवरचे शब्द. बहुतेक यंत्रांवर वादळ, पाऊस, बदल, उघडीप, अति कोरडं अशा अर्थाचे इंग्रजी शब्द २८, २९, २९.५, ३० आणि ३१ इंचांवर छापलेले असतात. हे विलायतेच्या हवेला धरून आहे. आपल्याकडे मुसळधार पावसातही काटा ‘बदल’ आणि ‘उघडीप’ यांच्या मधेच रेंगाळतो. ते शब्द तबकडीची शोभा म्हणून सोडून द्या.

दुसरी, उंची. पुण्याचा स्थानिक दाब २८ इंचांच्या आसपास असतो. म्हणजे न जुळवलेला बॅरोमीटर पुण्यातल्या भिंतीवर वर्षाचे बाराही महिने ‘वादळ’ दाखवत बसतो! मागच्या स्क्रूने काटा समुद्रसपाटीच्या आकड्यावर आणता येतो, पण प्रत्येक यंत्राची मर्यादा असते. साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीसाठी चालेल का, हे दुकानदाराला आधी विचारा. स्क्रू शेवटपर्यंत पिळूनही काटा पोचला नाही तर जोर लावू नका, डबीची स्प्रिंग जाते.

पाऱ्याचा जुना बॅरोमीटर जुन्या बाजारात मिळाला तरी घरात आणू नका. नळी फुटली तर पाऱ्याची वाफ विषारी असते आणि फरशीच्या फटीतून तो निघत नाही.

५. जागा ठरवा

बॅरोमीटर बाहेर लावायची काही गरज नाही. घरात आणि बाहेर दाब एकच असतो, दार-खिडक्या बंद असल्या तरी. गॅलरीत टांगलेलं यंत्र पहिल्याच पावसाळ्यात गंजतं. आतल्या भिंतीवर, ऊन पडणार नाही, एसीचा झोत आणि स्वयंपाकघराची वाफ लागणार नाही अशी जागा बघा. एकदा लावलं की हलवू नका. वरच्या मजल्यावरच्या खोलीत नेलंत तर वहीतल्या जुन्या नोंदींशी मेळ बसणार नाही.

६. आकडा जुळवा

खालचे गुणक वापरा. पहिला नकाशाशी तुलना करण्यासाठी (तापमान २५ अंश धरून, महाबळेश्वरला २०), दुसरा विमानतळाशी तुलना करण्यासाठी. उंची ढोबळ आहे. तुमचं घर त्याहून वर असेल तर दर नऊ मीटरला १ हेक्टापास्कल उत्तरात मिळवा, खाली असेल तर वजा करा.

- नागपूर, ३१० मीटर: १.०३६ आणि १.०३८
- सोलापूर, ४८० मीटर: १.०५६ आणि १.०५९
- पुणे, ५६० मीटर: १.०६६ आणि १.०६९
- कोल्हापूर, ५७० मीटर: १.०६७ आणि १.०७०
- महाबळेश्वर, १३५० मीटर: १.१६८ आणि १.१७७

किनाऱ्यावर गुणाकार नको. दर साडेआठ मीटरला १ मिळवा, झालं.

उदाहरण: पुण्यात घर ५६९ मीटरवर, फोन म्हणतो ९४३.६. विमानतळाशी ताडून पाहू. ९४३.६ × १.०६९ = १००८.७, वरच्या नऊ मीटरांचा १ मिळवून १००९.७. त्याच वेळेच्या मेटारमध्ये १०११ आहे. मेटारमध्ये दशांश नेहमी खालच्या बाजूला कापलेला असतो, म्हणजे खरा आकडा १०११.० ते १०११.९, मधला १०११.५ धरू. फोन १.८ ने कमी दाखवतोय. स्थानिक दाबात ही चूक १.७ होते. एका दिवसावर निर्णय करू नका. शांत हवेचे पाच-सहा दिवस, दिवसातून दोनदा असा हिशेब करून सरासरी काढा आणि तीच तुमच्या यंत्राची कायमची दुरुस्ती. ती समजा १.७ च निघाली तर खरा स्थानिक दाब ९४५.३ आणि पहिल्या गुणकाने (आणि वरच्या नऊ मीटरांचा १ मिळवून) समुद्रसपाटीचा दाब १००८.७. सुरुवातीचे तिन्ही आकडे हे असे एकाच सकाळचे.

काट्याच्या यंत्राला हे सगळं करायची गरज नाही. समुद्रसपाटीचा आकडा काढून स्क्रूने काटा तिथे आणा. वाचण्याआधी काचेवर बोटाने हलकी टिचकी मारा, तरफांत अडकलेला काटा मोकळा होतो. ठोसा मारू नका.

७. दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी नोंद घ्या

इथे जो फसतो तो पुढे सगळंच चुकीचं वाचतो. आपल्या अक्षांशांवर हवेलाही रोजची भरती-ओहोटी असते. दाब सकाळी दहाच्या सुमारास आणि रात्री दहाच्या सुमारास चढलेला असतो. दुपारी चार-पाचला आणि पहाटे चारच्या सुमारास उतरलेला. समुद्राची भरती चंद्रामुळे, ही मुख्यतः सूर्य वरच्या थरांना तापवतो त्यामुळे. सकाळ ते दुपार उतार ३ ते ४ हेक्टापास्कल असतो, कोरड्या दिवसांत थोडा जास्त. युरोपातल्या पुस्तकांत ‘तीन तासांत तीनने उतरला की हवा बिघडणार’ असा ठोकताळा सापडतो. तो इथे लावलात तर रोज दुपारी वादळ येईल.

उपाय सोपा: आजच्या आकड्याची तुलना फक्त कालच्या त्याच वेळेच्या आकड्याशी करा. हवामान खात्याच्या मुख्य नोंदी सकाळी ८:३० आणि संध्याकाळी ५:३० च्या असतात. याच वेळा धरा, म्हणजे त्यांच्या आकड्यांशीही मेळ घालता येतो.

वहीत रकाने: तारीख, वेळ, दाब, कालपासूनचा फरक, तापमान, वारा कुठून, ढग-पाऊस. शेवटचे दोन रकाने आळसाने रिकामे राहतात आणि मग महिन्याने उरलेल्या आकड्यांचा उपयोग होत नाही.

८. अर्थ लावा

ऋतूची पातळी आधी लक्षात घ्या. मुंबईत जानेवारीत समुद्रसपाटीचा दाब १०१३-१४ च्या आसपास असतो, जुलैत १००३-०४. विदर्भात हा फरक आणखी मोठा. म्हणजे १००६ हा आकडा जानेवारीत दचकवणारा आणि जुलैत बऱ्यापैकी चढा. १०१३ ला ‘सामान्य’ धरून त्याखाली सगळं ‘कमी दाब’ म्हणणं आपल्या देशात निरर्थक आहे.

कालच्या त्याच वेळेपेक्षा फरक एकच्या आत असेल तर काही विशेष नाही. दोन-तीनने उतार, आणि दुसऱ्या दिवशीही उतार चालूच, म्हणजे कमी दाबाची एखादी प्रणाली जवळ येतेय: नकाशा उघडा, वारा बघा. एका दिवसात पाच किंवा जास्त उतार, वाराही वाढतोय, आणि तुम्ही किनाऱ्यावर आहात, तर वही बाजूला ठेवून खात्याचे इशारे ऐका.

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा: कमी दाबाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताला, थोडं पुढे. आपल्या उत्तर गोलार्धात हे मोकळ्या मैदानावर किंवा समुद्रकाठी चांगलं जुळतं. इमारतींच्या बोळातल्या वाऱ्यावर पाहू नका.

बातमीतले शब्द मात्र दाबावरून नव्हे, वाऱ्याच्या वेगावरून ठरतात. ताशी ३१ किलोमीटरच्या खाली ‘कमी दाबाचं क्षेत्र’, ३१ ते ४९ ‘डिप्रेशन’, ५० ते ६१ ‘डीप डिप्रेशन’, ६२ पासून पुढे ‘चक्रीवादळ’. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा केंद्रातला दाब ९८४ च्या आसपास होता. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात तो ९१२ पर्यंत उतरला होता. दाब १ ने उतरला की समुद्र जवळपास १ सेंटिमीटर फुगतो. निसर्गच्या वेळी दाबाचा वाटा असा वीस-तीस सेंटिमीटरचाच; किनाऱ्यावर चढणारं बाकीचं पाणी वारा ढकलून आणतो.

९. नेहमीचे सापळे

*‘कमी दाब म्हणजे पाऊस.’* मे महिन्यात विदर्भात पारा ४५ ला टेकतो तेव्हा दाब उतरलेला असतो आणि आभाळात ढगाचा ठिपका नसतो. तापलेली हवा हलकी झाली, एवढंच. पावसाला उतरलेल्या दाबाबरोबर बाष्पही लागतं.

*‘दमट हवा जड असते.’* उलट आहे. पाण्याच्या वाफेचा रेणू हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलका असतो. जड वाटते ती आपल्याला, घाम वाळत नाही म्हणून.

*वळीव पकडण्याची आशा.* एप्रिल-मेच्या गडगडाटी पावसाचा अंदाज घरचा बॅरोमीटर देत नाही. ढगाखालून थंड हवेचा लोट आला की दाब उतरण्याऐवजी एकदम एक-दोनने उसळतो, आणि तोवर पहिले थेंब अंगणात पडलेले असतात.

*कोकणातला धो-धो पाऊस.* तो बऱ्याचदा किनाऱ्याला समांतर असलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे पडतो. तिथे तुमच्या घरचा एकटा आकडा जेमतेम हलतो. किनाऱ्यावरच्या दोन-तीन ठिकाणांचे आकडे शेजारी मांडले तरच काही दिसतं.

*अ‍ॅपने गुपचूप केलेली दुरुस्ती.* काही अ‍ॅप स्थानिक दाब दाखवता दाखवता सेटिंग बदललं की समुद्रसपाटीचा दाखवू लागतात. वहीत एका दिवसात साठची उडी दिसली तर चक्रीवादळ शोधण्याआधी सेटिंग पाहा.

*जुनी दुरुस्ती.* सेन्सर हळूहळू सरकतात, काट्याची स्प्रिंगही थकते. वर्षातून दोनदा, जानेवारीच्या शांत आठवड्यात आणि पावसाळा संपल्यावर, सहाव्या पायरीचा हिशेब पुन्हा करा. नवी दुरुस्ती तारखेसह चिठ्ठीवर लिहून यंत्राच्या पाठीला चिकटवा आणि तीच वहीच्या त्या पानावरही लिहा.